डाव्या कोपऱ्यातली धनुबाई

सारंगखेडा
९ जानेवारी २०२६

चि. सौ. प्रतिभा हिस,

आशीर्वाद. फोन सोडून सासू पत्र का लिहितेय म्हणशील. एक तर तू इकडचा फोन उचलत नाहीस. दुसरं, मी फोनवर बोलायला लागले की योगेंद्र टीव्हीचा आवाज बारीक करून कान देऊन बसतो. म्हणून हे पत्र. तुझे सासरे शहाद्याला केळीच्या कामाला जाणार आहेत, ते जीपच्या थांब्यावर जीपवाल्या रूपसिंगच्या हातात देतील. रूपसिंगला सांगितलंय, धडगावला पोचल्यावर सरळ दवाखान्यात जायचं आणि कामिनी सिस्टरच्या हातात द्यायचं. तुझी बहीण तुझ्यापर्यंत पोचवेलच.

मी कोणाची बाजू घ्यायला लिहीत नाही. तो माझा मुलगा, तू सून, आणि मला दोघांच्या मध्येच राहायचंय. घरात काय चाललंय ते तुला कळावं, एवढंच.

काल घोडेवाला हेमराज आला होता. यात्रेत तू त्यांच्या घराण्याचा घोड्यांसकट जो मोठा फोटो काढलास, तो भिंतीएवढा छापून आला. ओट्यावरच उलगडला. मधला पांढरा घोडा असा आलाय की आयाळीचा केस न् केस दिसतो. उजवीकडचे पाहुणेही छान. डावीकडे मात्र सगळं धुरकट होत गेलंय, आणि अगदी डाव्या टोकाला हेमराजची आई, धनुबाई, म्हणजे नुसता जांभळ्या लुगड्याचा डाग. म्हातारीने फोटोवरून हात फिरवला आणि विचारलं, “मी कथं शे यामां?” यात मी कुठे आहे, म्हणून.

हेमराज भला माणूस. तो म्हणाला, एक फेब्रुवारीला आईची पंच्याहत्तरी आहे, सगळे पुन्हा जमणार आहेत, तेव्हा दुसरा काढून द्या. पण या वेळी बिघडला तर नंदुरबारहून दुसऱ्याला बोलवावं लागेल, हेही म्हणाला. आपल्या स्टुडिओचं नाव गावातच गेलं तर बाहेर कोण विचारणार?

तो गेल्यावर योगेंद्र मला म्हणाला, “बघितलं? प्रतिभाचा फोकस चुकला होता, मी तेव्हाच सांगितलं होतं.” तू तेव्हा काय सांगितलं होतंस तेही मला आठवतंय. नव्या लेन्सची डावी बाजू धुरकट येतेय, जुनी लावू द्या, असं तू म्हणालीस. आणि तो हेमराजसमोर, त्याच्या भावांसमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, “तुला फोकस जमत नाही, लेन्सला बोल लावू नकोस.” मी तिथेच होते. तू तसाच फोटो पुरा केलास आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस, तेही मी पाहिलं.

आता तो म्हणतो, दोन्ही लेन्स घरात तपासतो आणि दूध का दूध करून दाखवतो. करू दे. मला कुठे त्यातलं कळतं?

मसाल्याचा डबा कुठे ठेवलास ते कळव.

तुझी सासू,
रंजना


१३ जानेवारी

चि. प्रतिभा,

तुझं उत्तर नाही, पण रूपसिंग सांगत होता की पत्र वाचताना तू एकदा हसलीस. कुठल्या ओळीला, ते त्याला सांगता आलं नाही. डबा सापडला. तो जागेवरच होता.

घराची अवस्था ऐक. बैठकीतल्या भिंतीवरचं घड्याळ उतरलं, तुमच्या लग्नाचा फोटो उतरला, देवाचं कॅलेंडर उतरलं. त्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत पेपर चिकटवलेत. बारीक छपाई असली की लेन्सची परीक्षा चांगली होते म्हणे. तुझ्या सासऱ्यांनी ते पेपर अजून वाचलेले नव्हते. आता ते भिंतीसमोर उभे राहून वाचतात, आणि खालच्या रांगेसाठी पाट घेऊन बसतात.

कॅमेरा तिपाईवर. गवंडी लावतात तशी बुडबुड्याची नळी लावून ती समपातळीत केलेली. मग माझा आरसा मागितला. तो भिंतीला सपाट टेकवून धरायचा, आणि त्यात कॅमेऱ्याचा डोळा बरोबर मधोमध दिसला की कॅमेरा भिंतीला सरळ आहे असं समजायचं. आरसा धरून मी उभी. तो म्हणतो, आई, अजून वर. अजून थोडा डावीकडे. माझे हात भरून आले तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

बटण बोटाने दाबायचं नाही, हात लागला की हलतं. म्हणून कॅमेऱ्यालाच वेळ लावून द्यायची आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. झोपाळा कडीला बांधून ठेवला. कुकर लावायचा नाही. त्यात उसाचे दिवस, रस्त्याने ट्रॅक्टर चालूच. एक ट्रॉली गेली की खिडक्यांच्या काचा वाजतात, म्हणून ती दूर जाईपर्यंत वाट बघायची. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. तो म्हणाला, आई, तू श्वास घेतलास तरी चालेल.

मग लॅपटॉपवर मोठं करून बघितलं. पहिल्यांदा मधला भाग. नव्या लेन्सने कांद्याच्या भावाची बातमी अशी उतरली आहे की चष्म्याशिवाय वाचावी. जुनीत तीच बातमी जरा मऊ येते. योगेंद्र खूश. दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि भरताला नाव ठेवलं नाही.

जेवण झाल्यावर डावा कोपरा बघितला. तिथे साखर कारखान्याची नोटीस होती. नव्या लेन्समध्ये नोटीस आहे एवढं कळतं. कारखाना कुठला, ते कळत नाही.

योगेंद्र म्हणाला, पेपर फुगला असेल. कणकेची खळ करून पुन्हा चिकटवला. तरी तसंच. मग म्हणाला, भिंतच वाकडी आहे. हे तुझ्या सासऱ्यांना लागलं. ही भिंत त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. ते माळ्यावर चढले, ओळंबा शोधून आणला आणि पेपरांसमोर सोडला. दोरी भिंतीला धरून सरळ. ते नुसते मुलाकडे बघत राहिले. ओळंबा अजून तिथेच लटकतोय, काढू देत नाहीत.

उद्या संक्रांत. तीळगूळ रूपसिंगकडे दिलाय. डबा हलका लागला तर त्याला विचार.

आशीर्वाद,
रंजना


१६ जानेवारी

प्रतिभा,

आज सकाळी त्याने कॅमेरा उलटा केला. अक्षरशः डोक्यावर. तिपाईच्या मधल्या दांड्याला खाली टांगला. मी विचारलं, हे काय करी ऱ्हायना? तर म्हणाला, आई, दोष भिंतीत असेल तर धुरकट भाग भिंतीवर जिथे आहे तिथेच राहील. दोष लेन्समध्ये असेल तर लेन्सबरोबर तोही फिरेल.

मला हे पटलं. चष्म्यावर डाग आहे की भिंतीवर, हे बघायचं असेल तर मान वाकडी करून बघतोच की आपण.

फोटो काढला. लॅपटॉपवर घेतला. मी आणि तुझे सासरे मागे उभे. कारखान्याची नोटीस लख्ख. गावाचं नाव, तारीख, खालची सही, सगळं. आणि इतके दिवस स्वच्छ वाचता येणारा दुसरा कोपरा, जिथे विहिरीच्या मोटारींची जाहिरात होती, तो धुरकट.

भिंत तीच, पेपर तेच. धूर लेन्सबरोबर फिरला.

त्याने पुन्हा काढला. कॅमेरा सरळ करून काढला, उलटा करून काढला, लांबून काढला. मग तुझी जुनी लेन्स लावली. ती पूर्ण उघडी ठेवली की दोन्ही कोपरे थोडे मऊ येतात, पण दोन्हीकडे सारखे. तिचं छिद्र बारीक केलं, आठ की अकरा आकड्यावर नेलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षर न् अक्षर उठलं. छोट्या जाहिरातीत कोणाची तरी म्हैस हरवली आहे, तिच्या शिंगाचं वर्णनसुद्धा वाचता आलं.

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, नव्या लेन्सच्या आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय. सुरतच्या माणसाकडून वापरलेली घेतली तेव्हाच असं असेल. मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, बाहेरून काही कळत नाही. मी म्हटलं, एकीला तर कॅमेऱ्यात बघूनच कळलं होतं.

यावर तो उठून स्टुडिओत गेला.

हे मी तुला सांगितलं असं त्याला सांगू नकोस. म्हणजे बोलणं सुरू झालं, तर.

रंजना


२० जानेवारी

चि. प्रतिभा,

काल तो धडगावला येऊन गेला, हे तुला माहीतच आहे. त्याने घरी येऊन काय सांगितलं, ते तुला माहीत नाही.

पहाटेच निघाला होता. निळा शर्ट, इस्त्री केलेला. पाठीवर लॅपटॉप. मला वाटलं, आता दोघं बरोबरच येतील. मी दुपारी शेवभाजीचा मसाला वाटून ठेवला. तू येताना घाटात तुला मळमळतं म्हणून लिंबंही आणून ठेवली. संध्याकाळी एकटाच आला.

काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, “मी सगळं दाखवलं तिला. सरळ फोटो, उलटा फोटो, दोन्ही कोपरे शेजारी शेजारी लावून. तिचंच बरोबर होतं, हे आकड्यांसकट समजावून सांगितलं. तरी ती म्हणाली, चहा झाला असेल तर निघा, शेवटची जीप चुकेल.”

मी विचारलं, आणि तू काय बोललास?

तो म्हणाला, तेच तर सांगतोय, लेन्सचं सगळं.

मी विचारलं, लेन्सचं सोडून?

 बायकोची माफी मागायला गेलेला माणूस डोंगर चढून गेला, लॅपटॉपवर भिंगांची चर्चा करून उतरून आला. प्रतिभा, हसू नकोस. मलाही हसू येत होतं, पण मी तोंड फिरवलं. मग मात्र त्याला समोर बसवलं. म्हटलं, बाबा रे, लेन्स वाकडी निघाली याचा तिला काय आनंद? तिला ते आधीच माहीत होतं. चार माणसांत तू तिला काय म्हणालास, ते आठव. ते शब्द घेऊन ती गेलीये. लॅपटॉप उघडून ते जाणार नाहीत.

तो म्हणाला, “मला वाटलं, ती बरोबर होती हे सिद्ध केलं म्हणजे झालं.”

त्याचे वडीलही तसेच आहेत. पाण्याच्या मोटारीबद्दल कितीही वेळ बोलतील. पण यापुढे मी काही बोलत नाही, मी कोणाच्या बाजूने नाही.

शेवभाजी तिखट झाली. तुझे सासरे दोन तांबे पाणी प्याले.

रंजना


२६ जानेवारी

प्रतिभा,

हे पत्र योगेंद्रने लिहू नकोस म्हणून बजावलं आहे. म्हणूनच आजच लिहितेय.

सकाळी हेमराजने त्याला घोड्यांच्या गोठ्यावर बोलावलं होतं. माणसं कुठे उभी करायची, घोडे कुठे बांधायचे, उन्हाची बाजू कोणती, हे ठरवायला. मीही गेले. नवं शिंगरू झालंय, ते बघायला गेले. हेमराज, त्याचे दोघं भाऊ, भावांच्या बायका, आणि खाटेवर धनुबाई. यात्रेतल्या त्या दिवशी जे होते तेच बहुतेक सगळे.

हेमराजने जागा दाखवली, चुना टाकून रेघ मारली, आणि म्हणाला, मग एक तारखेला सकाळी नऊला तुम्ही कॅमेरा घेऊन या.

योगेंद्र म्हणाला, “फोटो मी नाही काढणार. माझ्याने हा फोटो होणार नाही.”

हेमराजला वाटलं, मागच्या फोटोमुळे हा नाराज आहे. तो समजूत घालायला लागला. तेव्हा योगेंद्र उठून उभा राहिला. त्याला असं उभं राहून बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. एकदा घोड्याकडे बघतो, एकदा जमिनीकडे.

तो म्हणाला, “यात्रेत मी तुम्हा सगळ्यांसमोर प्रतिभाला म्हणालो होतो की तिला फोकस जमत नाही. ते खोटं होतं. लेन्स खराब होती, ती मी निवडून आणलेली. तिने मला तिथल्या तिथे सांगितलं होतं आणि मी तिला गप्प केलं. माझ्यापेक्षा ती चांगला फोटो काढते, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तेव्हा चार माणसांत बोललो, म्हणून आज चार माणसांत सांगतोय.”

 घोडे तेवढे चघळत होते. धाकट्या भावाची बायको पदराआडून माझ्याकडे बघत होती.

मग हेमराजने विचारलं, “हे वहिनींना सांगितलं का?”

“नाही,” योगेंद्र म्हणाला. “तिच्यापुढे गेलो की मी लेन्सवरच बोलतो.”

धनुबाई हसली. खाटेवरून म्हणाली, “मंग तिलेच बलाव. मी तिन्हाच हातनी फोटो काढसू, नाही ते नको.” म्हणजे तिलाच बोलव, फोटो काढेन तर तिच्याच हातचा.

परत येताना रस्त्यात तो मला म्हणाला, हे तिला कळवू नकोस, तिला वाटेल मी तिला बोलावण्यासाठी हे केलं. मी म्हटलं, मी कशाला कळवू?

तू यावंस असं मी म्हणत नाही. तुला वाटेल तेच कर. घोडी मात्र फार सुरेख आहे, आणि शिंगरूच्या कपाळावर चांदणी आहे.

रंजना


धडगाव
२८ जानेवारी

आई,

नमस्कार. रूपसिंगदादा पत्र देऊन जात नाहीत. मी वाचेपर्यंत ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि विचारतात, मग, काय म्हणतात? या वेळी मी रडले, तर ते चहा अर्धाच टाकून गाडी धुवायला निघून गेले.

मला लेन्सचा राग नव्हताच. लेन्स कोणाचीही खराब निघू शकते. दहा वर्षं आम्ही बरोबर काम केलं, लोक फोटो बघून ह्यांचं नाव घ्यायचे आणि हे मला हळूच म्हणायचे, हा तुझा आहे. तेवढं मला पुरत होतं. यात्रेत ते मोठ्याने बोलले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की जे हळूच सांगतात ते खरं नसेल.

आता त्यांनी तेही मोठ्याने सांगितलं. बरं वाटलं.

रविवारी पहिल्या जीपने निघते. फोटो मी काढेन, जुन्या लेन्सने. त्यांनी माणसं उभी करायची आणि हसवायची. स्टुडिओच्या पाटीवर दोघांचं नाव लागेल. ही अट आहे, मागणी नाही, असं त्यांना सांगा. कामिनीताई म्हणते, पाटीवर माझं नाव आधी हवं. त्यावर मी अजून विचार करतेय.

तुम्ही कोणाच्याच बाजूच्या नाही, हे मला पटलं. परवा हेमराजभाऊंचा फोन आला होता. ते म्हणाले, मध्यंतरी नंदुरबारच्या फोटोवाल्यालाच बोलवावं असं मनात आलं होतं, पण रंजनाकाकू दोनदा येऊन बसल्या आणि थांबा म्हणाल्या. शिंगरू बघायला गेल्या असाल.

प्रतिभा


सारंगखेडा
११ फेब्रुवारी २०२६

चि. कामिनी सिस्टर,

आशीर्वाद. बहिणीला इतके दिवस सांभाळलंस. ती काही लिहिणार नाही, तिला वेळ नाही. म्हणून पुढचं मी कळवते.

रविवारी ती रूपसिंगच्या जीपमधून सरळ गोठ्यावरच उतरली. योगेंद्र चुन्याच्या रेघेवर पाहुण्यांना उभं करत होता. तिला बघून त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. ती जवळ गेली आणि तिपाई त्याच्या हातात देत म्हणाली, “ऊन डोक्यावर येतंय.” तो म्हणाला, “हो.” एवढंच. सगळं गाव काहीतरी ऐकायला कान टवकारून होतं, त्यांची निराशा झाली. पण तिपाई लावताना दोघं खाली वाकले तेव्हा तो तिला काहीतरी म्हणाला, आणि तिने त्याच्या खांद्यावर चापट मारली. ते मी बघितलं.

फोटो काढायला ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. योगेंद्र खालून माणसं सरकवत होता, एका काकांची टोपी नीट करत होता, घोड्यांना गूळ दाखवत होता. लोकांना हसवण्यासाठी त्याने स्वतःच घोड्यासारखी मान हलवली. तो असं करू शकतो हे मला माहीत नव्हतं. सगळे हसले, आणि प्रतिभाने तेवढ्यात काढला.

उभं करताना हेमराजने आईला मधोमध खुर्ची दिली होती. पंच्याहत्तरी तिची. ती बसेना. म्हणाली, मी होते तिथेच, डाव्या टोकालाच उभी राहणार, आता बघू कशी येत नाही ते. शेजारी पांढरा घोडा घेऊन उभी राहिली, एक हात त्याच्या मानेवर.

काल फोटो छापून आला. हेमराजने अंगणात दोन खाटा जोडून त्यावर पसरला. पन्नास माणसं, सहा घोडे आणि मागे पार नदीकाठची झाडं. कोणीही मधला भाग बघितला नाही. सगळे थेट डाव्या कोपऱ्याकडे गेले. योगेंद्रने तर खिशातून भिंग काढलं. वाकून बघत राहिला आणि ते भिंग प्रतिभाच्या हातात दिलं.

मग धनुबाईला आणलं. तिने चष्मा लावला, फोटोला नाक लागेल इतकी जवळ गेली. लुगड्याचे काठ, हातातल्या पाटल्या, कपाळावरचं गोंदण, सगळं उमटलं होतं.  मग प्रतिभाकडे वळून म्हणाली, “इतलं साफ कसाले काढं वं पोरी? मन्ह्या सुरकुत्या बी दिखी ऱ्हायन्यात.”

सगळे हसायला लागले. प्रतिभा म्हणाली, काकू, थोडं मऊ करून दुसरा छापून देते. धनुबाई म्हणाली, खबरदार. आणि फोटोवर ऊन पडतंय म्हणून स्वतःच उठून आपला पदर त्याच्यावर धरून उभी राहिली.

तुम्हा सगळ्यांची,
रंजनाबाई